इंग्रजीतील नामवाक्य : दुसऱ्याचे म्हणणे आपल्या लेखणीने

गोंदिया जिल्ह्यात धानाची शेती आणि तलाव यांचे नाते फार जुने आहे. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक 'मामा तलाव' म्हणून ओळखतात, आजही अनेक गावांच्या शेतीला पाणी पुरवितात. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली; तलाव मात्र राहिले, आणि पावसाळ्यात त्यांच्या पाळीची काळजीही राहिली.

अशाच एखाद्या गावाचे उदाहरण घेऊ. जुलै महिन्यात संततधार लागली आहे. गावच्या सरपंच बाई १२ जुलै रोजी कार्यालयात येऊन सांगतात, "मी काल रात्री पाळ पाहिली. पाणी माथ्याला टेकले आहे. उद्या पाळ फुटेल." कर्मचारी हे म्हणणे नोंदवून घेतो. पुढे पाळ खरोखरच फुटते, धानाची रोवणी वाहून जाते, नुकसानभरपाईचा प्रश्न निघतो आणि त्या नोंदीचे इंग्रजी भाषांतर वरिष्ठ कार्यालयास पाठवावे लागते. भाषांतर असे होते : "द सरपंच टोल्ड दॅट आय सॉ द बंड येस्टरडे नाइट, वॉटर हॅज टच्ड द टॉप, टुमॉरो द बंड विल ब्रेक."

मराठी जाणणाऱ्यास यातील अर्थ कळतो, कारण तो मनातल्या मनात मूळ मराठी वाक्य ऐकत असतो. परंतु तीन आठवड्यांनंतर नागपुरात किंवा दिल्लीत हे वाचणाऱ्यास काय समजेल? पाळ पाहिली ती 'आय'ने, म्हणजे अहवाल लिहिणाऱ्याने. पाहिली ती 'येस्टरडे', म्हणजे अहवालावरील तारखेच्या आदल्या दिवशी. फुटणार आहे ती 'टुमॉरो', म्हणजे अहवालाच्या दुसऱ्या दिवशी. सरपंच बाईंनी वेळेवर दिलेली सूचना कागदावरून नाहीशी झाली, आणि पाहणीची जबाबदारी ज्याने पाळ पाहिलीच नाही त्याच्या माथी आली. शब्दसंग्रह कमी पडला म्हणून हे घडले नाही. चूक झाली ती एकाच ठिकाणी : नामवाक्याच्या रचनेत.

इंग्रजीची गरज कोठे पडते?

राज्याचा कारभार मराठीतून चालावा हे आपले धोरण आहे. त्यासाठी १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम करण्यात आला. ग्रामपंचायतीचे ठराव, पंचनामे, जबाब हे मराठीतच लिहिले जातात, व तसेच लिहिले जावेत. तथापि संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. त्यामुळे गोंदियातील एखादे प्रकरण नागपूर खंडपीठापुढे गेले की मराठी कागदांच्या सोबत इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. केंद्र शासनाची काही कार्यालये, विमा कंपन्या, विद्यापीठे आणि तांत्रिक संस्था यांच्याशीही इंग्रजीतून पत्रव्यवहार करण्याचा प्रसंग येतो. अशा पत्रांत वारंवार येणारी गोष्ट म्हणजे दुसऱ्याचे म्हणणे : अमुक यांनी कळविले की, अर्जदाराचे म्हणणे असे की, ग्रामसभेने ठरविले की. या प्रत्येक 'की' च्या पुढे एक नामवाक्य उभे असते.

शाळांच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा आहे. सन २००० पासून राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. माध्यमिक वर्गांत नामवाक्य हा धडा येतो, विद्यार्थी व्याख्या पाठ करतात, आणि परीक्षेत वाक्याखाली रेघ ओढून गुणही मिळवितात. पण पुढे नोकरीत गेल्यावर वर दिल्यासारखे वाक्य लिहितात. याचा अर्थ, ओळखावयास शिकविले गेले, रचावयास शिकविले गेले नाही.

नामवाक्य म्हणजे काय?

ज्या वाक्यात एक मुख्य वाक्य व त्यावर अवलंबून असलेले एक किंवा अधिक गौण वाक्ये असतात, त्यास आपण मिश्र वाक्य म्हणतो. गौण वाक्य जेव्हा नामाचे काम करते तेव्हा ते नामवाक्य होय. ओळखण्याची कसोटी सोपी आहे. त्या संपूर्ण गौण वाक्याच्या जागी 'हे' किंवा 'ते' हा एकच शब्द ठेवून पाहावा. अर्थाचा सांगाडा टिकला तर ते नामवाक्य आहे. "आय नो दॅट द सेंटर इज क्लोज्ड" या वाक्यात 'दॅट'पासून पुढचा भाग काढून तेथे 'इट' ठेवता येते. म्हणून ते नामवाक्य.

नाम वाक्यात ज्या ज्या जागी येते, त्या त्या जागी नामवाक्य येऊ शकते. "व्हॉट द फार्मर्स नीड इज वॉटर" येथे ते कर्ता आहे. "द फार्मर्स नो व्हाय द कॅनॉल इज ड्राय" येथे कर्म आहे. "द डिफिकल्टी इज दॅट द रोड इज अंडर वॉटर" येथे पूरक आहे. "एव्हरीथिंग डिपेंड्स ऑन व्हेन द रेन स्टॉप्स" येथे ते 'ऑन' या शब्दयोगी अव्ययाच्या आश्रयाने आले आहे. कर्त्याच्या जागी आलेले नामवाक्य एकवचनी धरले जाते, हे ध्यानात ठेवावे : शेतकरी अनेक असले तरी त्यांची गरज एक, म्हणून 'इज'.

लांबलचक नामवाक्य आरंभी ठेवणे इंग्रजीला फारसे आवडत नाही. "दॅट द सेंटर ओपन्ड लेट इज नॉट डिस्प्यूटेड" हे शुद्ध आहे, पण "इट इज नॉट डिस्प्यूटेड दॅट द सेंटर ओपन्ड लेट" हे अधिक स्वाभाविक. आपणही "हे निर्विवाद आहे की खरेदी केंद्र उशिरा उघडले" असेच म्हणतो. येथे 'हे' जे काम करते तेच 'इट' करते.

मराठीची चाल

वाक्यपृथक्करणाची पद्धत आपल्याकडे इंग्रजी व्याकरणाच्या परिचयानंतर रुळली. दादोबा पांडुरंग यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मोरो केशव दामले यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या १९११ च्या ग्रंथात या विषयाचा सविस्तर विचार केला. पण नामवाक्य ही वस्तू मराठीत त्याहून पुष्कळ जुनी आहे. मोडी पत्रव्यवहारातील 'विज्ञापना ऐसीजे' हे शब्द आठवावेत. 'ऐसी' म्हणजे अशी आणि 'जे' म्हणजे की. त्यापुढे जे येते ते सारे नामवाक्यच. मराठी कारभाराची लेखणी शतकानुशतके दुसऱ्याचे म्हणणे नोंदवीत आली आहे.

ही नोंद करण्याच्या मराठीत दोन चाली आहेत. पहिली 'की' ची : मुख्य वाक्य आधी, म्हणणे नंतर. "त्याने सांगितले की मी येतो." दुसरी 'असे' किंवा 'म्हणून' ची : म्हणणे आधी, मुख्य वाक्य नंतर. "मी येतो असे त्याने सांगितले." संस्कृतातील 'इति' असाच म्हणण्याच्या शेवटी येतो. तेलुगू, कन्नड, तमिळ या द्राविडी भाषांतही 'म्हणणे' या अर्थाच्या धातूपासून झालेला शब्द म्हणण्याच्या शेवटी ठेवतात. आपला 'म्हणून' त्याच जातीचा आहे.

दोन्ही चालींत एक गोष्ट समान आहे, आणि प्रस्तुत लेखाचा सारा भर तिच्यावर आहे. मराठी नामवाक्यात बोलणाऱ्याचे तोंड बोलणाऱ्याकडेच राहते. "त्याने सांगितले की मी येतो" यातील 'मी' म्हणजे सांगणारा, लिहिणारा नव्हे. 'येतो' हा काळही त्याच्या बोलण्याच्या क्षणाचा. हिंदीतही असेच चालते, आणि गोंदियासारख्या मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या सीमेवरील जिल्ह्यात मुलांच्या कानावर दोन्ही भाषा सतत पडत असल्याने ही सवय दुहेरी पक्की होते.

इंग्रजीत उलट आहे. 'दॅट' हा शब्द उच्चारताच बोलण्याचा अधिकार लिहिणाऱ्याकडे येतो. त्यापुढील प्रत्येक 'मी', प्रत्येक 'काल', प्रत्येक 'येथे' हा लिहिणाऱ्याच्या जागेवरून व लिहिणाऱ्याच्या दिवसापासून मोजला जातो. मूळ बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवावयाचे असतील तर 'दॅट' गाळून अवतरणचिन्हे घालावी लागतात. दोन्हींची सरमिसळ चालत नाही. हे एक तत्त्व पक्के झाले की पुढील नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप निघतात.

पुरुष, काळ आणि दिवस

पहिला बदल सर्वनामाचा. सरपंचांच्या तोंडचा 'मी' हा लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तृतीय पुरुष होतो. येथे मराठीत न भासणारी एक अडचण उभी राहते. "मी पाळ पाहिली" या वाक्यात क्रियापद पाळीप्रमाणे चालते, त्यावरून पाहणारी व्यक्ती स्त्री की पुरुष हे कळत नाही. इंग्रजीत मात्र 'ही' किंवा 'शी' यांपैकी एक निवडावेच लागते. राज्यात २०११ पासून पंचायतींतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. सरपंच म्हणजे 'ही' असे गृहीत धरून लिहिणे हे भाषेच्या दृष्टीने चूक आणि वस्तुस्थितीच्या दृष्टीनेही चूक. मूळ नोंद पाहून, खात्री करूनच सर्वनाम लिहावे.

दुसरा बदल काळाचा. मुख्य क्रियापद भूतकाळी असेल तर नामवाक्यातील काळ एक पाऊल मागे सरतो. वैनगंगेच्या खोऱ्यातील आपल्या जिल्ह्यास हा नियम किती जिव्हाळ्याचा आहे ते पाहा. वरच्या अंगास मध्य प्रदेशात संजय सरोवर धरण आहे. ऑगस्ट २०२० अखेरीस आलेल्या पुराचा तडाखा गोंदिया, भंडारा व खालच्या जिल्ह्यांना बसला होता. अशा वेळी धरणावरून येणारा निरोप तीन प्रकारचा असू शकतो :

"पाणी सोडणार आहोत असे कळविले" : "दे इन्फॉर्म्ड अस दॅट वॉटर वुड बी रिलीज्ड."

"पाणी सोडत आहोत असे कळविले" : "दे इन्फॉर्म्ड अस दॅट वॉटर वॉज बीइंग रिलीज्ड."

"पाणी सोडले आहे असे कळविले" : "दे इन्फॉर्म्ड अस दॅट वॉटर हॅड बीन रिलीज्ड."

'वुड', 'वॉज बीइंग' आणि 'हॅड बीन' यांतील अंतर म्हणजे नदीकाठच्या गावाला मिळालेला अवधी होय. पुढे चौकशी झाली, तर कोणास केव्हा काय ठाऊक होते याचा निर्णय या दोन-दोन शब्दांवरून होतो. भूतकाळी मुख्य वाक्यानंतर सरसकट 'इज' किंवा 'विल' लिहिण्याची सवय म्हणूनच सोडावयास हवी.

याला दोन अपवाद आहेत. जी गोष्ट सदासर्वदा खरी आहे ती वर्तमानकाळात ठेवता येते : "द टीचर सेड दॅट वॉटर बॉइल्स ॲट अ हंड्रेड डिग्रीज." तसेच मुख्य क्रियापदच वर्तमानकाळी असेल तर काळ हलवावा लागत नाही. "द ॲप्लिकंट स्टेट्स दॅट हिज फील्ड इज अंडर वॉटर" हे योग्य आहे. कारण अर्जदाराचे म्हणणे कागदावर आजही तसेच उभे आहे.

तिसरा बदल दिवस व ठिकाण यांचा. 'येस्टरडे'चे 'द प्रिव्हियस डे', 'टुमॉरो'चे 'द नेक्स्ट डे', 'हिअर'चे 'देअर' होते. कार्यालयीन लेखनात याहून चांगला उपाय आहे : सरळ तारीख व गावाचे नाव लिहावे. तारीख कोणाच्याही तोंडी बदलत नाही.

'दॅट' उघडतो, पण बंद करीत नाही

मराठीतील 'असे' ची एक मोठी सोय आहे. "रस्ता वाहून गेला, शाळेत पाणी शिरले, धान्य भिजले असे सरपंचांनी सांगितले" या वाक्यात 'असे' हे कुंपण आहे. त्याच्या अलीकडचे सारे सरपंचांचे. इंग्रजी 'दॅट' दार उघडतो, पण म्हणणे कोठे संपले ते दाखवीत नाही. "द सरपंच स्टेटेड दॅट द रोड हॅड बीन वॉश्ड अवे. द स्कूल वॉज फ्लडेड. द ग्रेन वॉज स्पॉइल्ड." या तीन वाक्यांपैकी पहिलेच सरपंचांचे ठरते. पुढील दोन अहवाल लिहिणाऱ्याचा स्वतःचा निष्कर्ष होऊन बसतात, जणू त्याने शाळा व धान्य स्वतः पाहिले. यास्तव प्रत्येक मुद्द्यापूर्वी 'दॅट' पुन्हा लिहावा : "द सरपंच स्टेटेड दॅट द रोड हॅड बीन वॉश्ड अवे, दॅट द स्कूल हॅड बीन फ्लडेड अँड दॅट द ग्रेन हॅड बीन स्पॉइल्ड." ही पुनरुक्ती दोष नाही. प्रत्येक विधान ज्याचे त्याच्या नावावर जमा करण्याची ती रीत आहे.

बोलण्यात 'दॅट' गाळला तरी चालतो. सरकारी लेखनात तो गाळू नये.

प्रश्न पोटात घेतलेले वाक्य

मराठीत 'की' कोणत्याही म्हणण्यापूर्वी येतो, मग ते विधान असो वा प्रश्न. "त्यांनी विचारले की केंद्र कोठे आहे?" यावरून "दे आस्क्ड दॅट व्हेअर इज द सेंटर" असे वाक्य सर्रास लिहिले जाते. यात दोन चुका आहेत. 'व्हेअर', 'व्हेन', 'व्हाय', 'हाऊ', 'हू', 'व्हॉट' हे शब्द स्वतःच जोडण्याचे काम करतात, त्यांच्याआधी 'दॅट' नको. आणि नामवाक्य झाल्यावर तो प्रश्न राहत नाही, म्हणून शब्दांचा क्रम साध्या विधानाप्रमाणे येतो : "दे आस्क्ड व्हेअर द सेंटर वॉज." शेवटी प्रश्नचिन्हही नको.

'डू', 'डिड' ही प्रश्नासाठी आणलेली सहायक क्रियापदेही याच कारणाने गळतात. "व्हेन डिड द पेमेंट अराइव्ह?" याचे "प्लीज स्टेट व्हेन द पेमेंट अराइव्ह्ड" होते.

ज्या प्रश्नाचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असते तेथे 'व्हेदर' वापरावा. मराठीतील 'की नाही', 'किंवा कसे' यांचे काम तो करतो. "पंचनामा झाला किंवा कसे ते कळवावे" याचे "प्लीज रिपोर्ट व्हेदर द पंचनामा हॅज बीन मेड" असे होईल. बोलण्यात 'इफ' चालतो, पण 'इफ' चा दुसरा अर्थ 'जर' असा आहे. "इन्फॉर्म अस इफ द बंड इज डॅमेज्ड" याचा अर्थ 'पाळीचे नुकसान झाले किंवा कसे ते कळवा' असाही होतो, आणि 'नुकसान झाले तरच कळवा' असाही होतो. दुसरा अर्थ घेणारा अधिकारी गप्प बसेल, आणि त्याचे मौन आपण दिरंगाई समजू. 'व्हेदर' लिहिल्यास हा घोटाळा होत नाही.

'ठरले' आणि 'झाले'

ग्रामसभेचे ठराव हा पंचायत सदस्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. वन हक्कांच्या २००६ च्या अधिनियमाने हक्कांच्या निश्चितीची सुरुवात करण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला. तेव्हापासून ठरावाच्या शब्दरचनेचे महत्त्व अधिकच वाढले आहे.

"पाळ दुरुस्त करण्यात यावी असे ठरले." यातील 'यावी' हा विध्यर्थ आहे. काम झालेले नाही, ते व्हावे अशी सभेची इच्छा आहे. इंग्रजीत 'रिझॉल्व्ह', 'रेकमेंड', 'सजेस्ट', 'डिमांड', 'ऑर्डर' यांसारख्या क्रियापदांनंतरच्या नामवाक्यात क्रियापद मूळ रूपात ठेवतात : "द ग्रामसभा रिझॉल्व्ड दॅट द बंड बी रिपेअर्ड." येथे 'इज' नाही, 'वॉज' नाही, 'विल बी' नाही, नुसते 'बी'. 'शुड बी' लिहिले तरी चालते. मराठी माणसास हे रूप परके वाटण्याचे कारण नाही. आपला 'यावी' आणि इंग्रजांचा 'बी' एकाच कामाचे आहेत.

त्याऐवजी "रिझॉल्व्ड दॅट द बंड वॉज रिपेअर्ड" असे लिहिले तर वाचणाऱ्यास दुरुस्ती झाल्याचे वाटेल. न झालेल्या कामाची नोंद झालेले काम म्हणून होणे किती अनर्थाचे आहे, ते पंचायतीच्या कारभारात वावरणाऱ्यांस सांगावयास नको.

मुख्य वाक्यातील क्रियापद

नामवाक्य कितीही शुद्ध असले तरी त्यास धरून ठेवणारे मुख्य क्रियापद चुकीचे असेल तर उपयोग नाही. यात दोन गोष्टी पाहावयाच्या.

पहिली, कोणास सांगितले. 'टेल' व 'इन्फॉर्म' यांना ज्यास सांगितले ती व्यक्ती लागतेच. "द सरपंच इन्फॉर्म्ड दॅट" हे अपुरे आहे. "इन्फॉर्म्ड द ऑफिस दॅट" असे हवे. 'से' व 'स्टेट' यांना व्यक्तीची गरज नाही, व्यक्ती आणावयाचीच तर मध्ये 'टू' लागतो.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. 'स्टेट' म्हणजे सांगणे. यात लिहिणारा खरेखोटे काही ठरवीत नाही. 'अलेज' म्हणजे आरोप करणे. म्हणणे अद्याप सिद्ध झालेले नाही असे यात ध्वनित होते. 'पॉइंट आउट' म्हणजे निदर्शनास आणणे. हे लिहिताच आपण ते म्हणणे खरे मानले असे होते. 'ॲडमिट' म्हणजे कबूल करणे. यात दोष सांगणाऱ्याच्या पदरी पडतो. एखाद्या शेतकऱ्याने जबाबात "मी बांध फोडला नाही, पाण्यानेच फुटला, मी त्या वेळी शेतात होतो" असे सांगितले आणि भाषांतरात "ही ॲडमिटेड दॅट ही वॉज इन द फील्ड" असे आले, तर एका साध्या माहितीला गुन्ह्याच्या कबुलीचा रंग चढतो. 'म्हणाला' यासाठी 'सेड' किंवा 'स्टेटेड' हेच लिहावे. त्याहून जड शब्द मूळ कागदात असेल तरच आणावा.

दिसण्यात सारखी, अर्थाने वेगळी

"द रिपोर्ट दॅट द इंजिनिअर रोट" आणि "द रिपोर्ट दॅट द कॅनॉल हॅड ब्रोकन" ही दोन्ही सारखीच दिसतात. पहिल्यात 'दॅट' म्हणजे 'जो' : अभियंत्याने लिहिलेला अहवाल. ते विशेषणवाक्य आहे. दुसऱ्यात 'दॅट' म्हणजे 'असा' : कालवा फुटल्याचे वृत्त. ते नामवाक्य आहे. कसोटी अशी की, 'दॅट'च्या जागी 'व्हिच' ठेवून पाहावे. पहिल्यात चालते, दुसऱ्यात चालत नाही.

तसेच 'इन', 'ऑफ', 'ॲबाउट' यांसारख्या शब्दयोगी अव्ययांनंतर 'दॅट' सहसा येत नाही. "ही कम्प्लेन्ड ॲबाउट दॅट द सेंटर वॉज क्लोज्ड" हे अशुद्ध. एक तर 'ॲबाउट' गाळावे, किंवा 'ॲबाउट द फॅक्ट दॅट' असे लिहावे. पहिला मार्ग बरा.

वर्गात कसे शिकवावे?

हा विषय फळ्यावरील व्याख्येपेक्षा कृतीने लवकर समजतो. तीन विद्यार्थी उभे करावेत. पहिला मराठीत एक वाक्य बोलेल : "माझी सायकल आज बिघडली आहे, मी उद्या येणार नाही." दुसरा तेच 'की' लावून मराठीत सांगेल. तिसरा, दोन दिवसांनी मुख्याध्यापकांना पत्र लिहावयाचे आहे असे समजून, इंग्रजीत लिहील. मग वर्गाला तीनच प्रश्न विचारावेत : हा 'मी' कोण? हा 'आज' कोणता? हा 'उद्या' केव्हाचा? उत्तरे मिळाली की विद्यार्थी स्वतःच 'माय'चे 'हिज' किंवा 'हर' करतात, 'इज'चे 'वॉज' करतात. आपल्या जिल्ह्यातील ज्या मुलांच्या घरी पोवारी, गोंडी, छत्तीसगढी किंवा हिंदी बोलली जाते, त्यांना पहिले वाक्य घरच्या भाषेत बोलू द्यावे. म्हणणे कोणाचे व लिहिणारा कोण हा भेद कोणत्याही भाषेतून शिकता येतो.

सरावासाठी पुढील वाक्ये घ्यावीत :

१. तो म्हणाला की मला धानाचे पैसे मिळाले नाहीत.
२. त्यांनी विचारले की सभा केव्हा सुरू झाली?
३. शाळेला कुंपण घालावे अशी समितीने शिफारस केली.
४. रस्ता सुरू आहे किंवा कसे ते कळवावे.
५. शिक्षिकेने मला सांगितले की मी उद्या रजेवर आहे.

उत्तरे अशी :

१. "ही सेड दॅट ही हॅड नॉट रिसीव्हड द मनी फॉर हिज पॅडी."
२. "दे आस्क्ड व्हेन द मीटिंग हॅड बिगन."
३. "द कमिटी रेकमेंडेड दॅट द स्कूल बी फेन्स्ड."
४. "प्लीज रिपोर्ट व्हेदर द रोड इज ओपन."
५. "द टीचर टोल्ड मी दॅट शी वुड बी ऑन लीव्ह द नेक्स्ट डे."

समारोप

आता आरंभीच्या नोंदीकडे वळू. तिचे भाषांतर असे व्हावयास हवे होते : "ऑन द ट्वेल्फ्थ ऑफ जुलै द सरपंच इन्फॉर्म्ड द ऑफिस दॅट शी हॅड सीन द बंड द प्रिव्हियस नाइट, दॅट द वॉटर हॅड रीच्ड द टॉप अँड दॅट द बंड वुड गिव्ह वे द नेक्स्ट डे." यात एकही अवघड शब्द नाही. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यास यातील प्रत्येक शब्द ठाऊक असतो. पण आता पाळ कोणी पाहिली, केव्हा पाहिली, कोणास केव्हा सांगितले हे हजार मैलांवरच्या अनोळखी वाचकासही स्पष्ट दिसते. सरपंच बाईंचा इशारा त्यांच्या नावावर राहतो, आणि कर्मचाऱ्याच्या माथी न केलेली पाहणी येत नाही.

कार्यालयात येणारा नागरिक आपले म्हणणे आपल्या बोलीत सांगतो आणि निघून जातो. त्यानंतर ते म्हणणे त्याच्या हातात राहत नाही, ते लिहिणाऱ्याच्या हातात असते. ज्याचे म्हणणे त्याच्याच नावावर, ज्या दिवसाचे त्याच दिवसाचे, आणि जेवढ्या वजनाचे तेवढ्याच वजनाचे पुढे पोचविणे हे लिहिणाऱ्याचे कर्तव्य आहे. अधिकाऱ्यांनी अहवालावर सही करण्यापूर्वी त्यातील प्रत्येक 'दॅट'पाशी क्षणभर थांबून 'हे कोणाचे म्हणणे?' एवढे स्वतःस विचारावे. शिक्षकांनी तीच सवय वर्गात लावावी.